जमाखर्चाची वही: नीटच्या स्वयंअभ्यासाच्या नोंदी

१० जून २०२४

नीटचा, म्हणजे वैद्यकीय प्रवेशपरीक्षेचा, निकाल ४ जूनला, म्हणजे लोकसभेच्या मतमोजणीच्याच दिवशी लागला. मला ७२० पैकी ४३१ गुण मिळाले: जीवशास्त्र २६२, रसायनशास्त्र १०१ आणि भौतिकशास्त्र ६८. बारावी उत्तीर्ण झाले आहे, त्यामुळे एक वर्ष थांबून पुन्हा परीक्षा द्यायची, असे घरात ठरले. नाशिकच्या कॉलेज रोडवरील एका क्लासमध्ये चौकशी केली तेव्हा रिपीटर बॅचची फी १,१०,००० रुपये सांगितली गेली आणि हप्त्यांची सोय आहे, हेही आवर्जून सांगितले गेले. बाबा अंबडच्या एका कारखान्यात सीएनसी मशीन चालवतात. बाहेर आल्यावर स्कूटरला किल्ली लावून त्यांनी इतकेच विचारले, "क्लासशिवाय जमेल का तुला?" मी म्हटले, "करून बघते, बाबा."

वर्षाचा खर्च १५,००० रुपयांच्या आत बसवायचा आहे. किराण्याच्या हिशेबासाठी आईकडे असते तशीच लांब वही आणली आहे. डाव्या पानावर रुपये, उजव्या पानावर अभ्यास.

१६ जून २०२४

सिडकोतील आमच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून रद्दीचे दुकान आहे. निकाल लागल्यानंतरच्या आठवड्यात तिथे अकरावी-बारावीच्या पुस्तकांचे ढीग येतात, हे शेजारच्या काकूंनी सांगितले होते. दुकानदार ही पुस्तके रद्दीच्या भावाने घेतो आणि ४० रुपये किलोने विकतो. ढिगाऱ्यातून एनसीईआरटीची रसायनशास्त्राची चार आणि जीवशास्त्राची दोन पुस्तके, अकरावीच्या भौतिकशास्त्राचे दोन भाग आणि मागील वर्षांच्या प्रश्नांचा एक जाडजूड संग्रह निवडला. काट्यावर बरोबर ९ किलो भरले. ३६० रुपये झाले. बारावीचे भौतिकशास्त्र मावसभावाकडून पूर्वीच आलेले आहे.

अकरावीच्या भौतिकशास्त्राच्या पहिल्या सहा प्रकरणांत आधीच्या मालकाने पिवळ्या रंगाने जवळजवळ प्रत्येक ओळ रंगवली आहे आणि सातव्या प्रकरणापासून, म्हणजे घूर्णन गतीपासून, पाने कोरी करकरीत आहेत. मागच्या वर्षी माझीही गाडी तिथेच अडली होती.

१ जुलै २०२४

त्रिमूर्ती चौकाजवळच्या अभ्यासिकेत जागा मिळाली. महिना ६०० रुपये, पंखा आणि दिवा टेबलापुरता स्वतंत्र, पाणी घरून आणायचे. घरात दोन खोल्या आहेत आणि बाबांची रात्रपाळी असली की दिवसा एका खोलीत शांतता ठेवावी लागते, त्यामुळे हा खर्च टाळता येणार नाही. एप्रिलअखेरपर्यंत दहा महिन्यांचे ६,००० रुपये होतील, म्हणजे अंदाजपत्रकातील सर्वांत मोठी रक्कम पुस्तकांवर किंवा शिकवणीवर न जाता बसण्याच्या जागेवर जाणार आहे.

मोबाइलवरील व्याख्याने रात्री घरीच पाहीन. शिक्षण मंत्रालय आणि आयआयटी कानपूर यांनी २०२३ मध्ये सुरू केलेले 'साथी' हे संकेतस्थळ विनामूल्य आहे; केवळ डेटा वापरला जातो.

२४ जुलै २०२४

आजची नोंद लांब होणार आहे, कारण ती माझ्या पाच गुणांविषयी आहे.

यंदाच्या नीटमध्ये भौतिकशास्त्राचा एक प्रश्न दोन विधानांचा होता. पहिले विधान असे, की अणूत धन आणि ऋण प्रभार समान असल्याने तो विद्युतदृष्ट्या उदासीन असतो. दुसरे असे, की प्रत्येक मूलद्रव्याचे अणू स्थिर असतात आणि आपला वैशिष्ट्यपूर्ण वर्णपट उत्सर्जित करतात. मी दोन्ही विधाने बरोबर मानली होती, कारण मावसभावाच्या पुस्तकात दुसरे विधान अगदी तसेच छापलेले आहे आणि ती ओळ मला पाठ होती. नव्या पुस्तकात 'प्रत्येक मूलद्रव्याचे' या जागी 'बहुतेक मूलद्रव्यांचे' असा बदल झालेला आहे. जुन्या पुस्तकावरून अभ्यास केलेल्यांनी हरकती घेतल्यावर परीक्षा घेणाऱ्या एनटीएने दोन्ही उत्तरे ग्राह्य धरली आणि ७२० पैकी ७२० गुण मिळवणारे जे ६७ विद्यार्थी आधी जाहीर झाले, त्यांतील ४४ जण या एका प्रश्नामुळे तिथवर पोहोचले होते. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, न्यायालयाने आयआयटी दिल्लीच्या तज्ज्ञांचे मत मागवले आणि काल तज्ज्ञांनी एकच उत्तर बरोबर असल्याचे सांगितले: पहिले विधान बरोबर, दुसरे चूक. फेरपरीक्षा होणार नाही, हेही कालच स्पष्ट झाले.

याचा अर्थ मला मिळालेले चार गुण जातील आणि चुकीच्या उत्तराचा एक गुण वजा होईल. सुधारित निकालात माझे ४३१ चे ४२६ होणार.

दोन दिवस मी जुन्या पुस्तकाला दोष देत होते. जुने पुस्तक वापरावे लागते ते परिस्थितीमुळे, आणि त्याची शिक्षा गुणांत का, असा तो राग होता. तो राग अगदीच खोटा नाही. परंतु आज अभ्यासिकेत बसून तोच प्रश्न पुन्हा वाचला तेव्हा लक्षात आले, की युरेनियम आणि रेडियम यांचे अणू स्थिर नसतात, हे मला दहावीपासून ठाऊक आहे. त्याच पुस्तकात, पुढच्याच प्रकरणात, किरणोत्साराविषयी वाचून मी अर्धायुकालाची गणितेही सोडवली आहेत. तरीही परीक्षेत 'प्रत्येक' या शब्दाशी मी थबकले नाही, कारण ओळ ओळखीची दिसली आणि पेन पुढे गेले.

वर्गात शिक्षक असते, तर कोणीतरी या ओळीवर बोट ठेवले असते. ते काम आता माझेच आहे. मावसभावाच्या प्रतीत 'प्रत्येक' खोडून शाईने 'बहुतेक' लिहिले.

११ ऑगस्ट २०२४

तीन रविवार खर्चून जुन्या पुस्तकांचे प्रत्येक प्रकरण एनसीईआरटीच्या संकेतस्थळावरील नव्या पुस्तकांशी ताडून पाहिले. नवी पुस्तके तिथे विनामूल्य उतरवून घेता येतात. बदललेल्या ३४ पानांच्याच प्रती काढल्या, ६८ रुपये लागले. बाबांच्या मोबाइलवर एका बाजूला नवे पान आणि मांडीवर जुने पुस्तक, असे हे काम आहे आणि ते कंटाळवाणे आहे, हे लपवण्यात अर्थ नाही.

जीवशास्त्राची ३८ प्रकरणे आता ३२ राहिली आहेत. पचन आणि शोषण, वनस्पतींमधील परिवहन, खनिज पोषण, पर्यावरणीय समस्या ही प्रकरणे गेली. रसायनशास्त्रातून स्थायू अवस्था, पृष्ठरसायन, धातुविज्ञान आणि बहुवारिके गेली. जूनच्या अखेरीस मी स्थायू अवस्थेची गणिते चार दिवस सोडवत बसले होते. रद्दीच्या दुकानात वाचलेल्या पैशांपैकी काही असे दिवसांच्या रूपाने परत द्यावे लागले. अभ्यासक्रमाचे पत्रक आधी आणि पुस्तक नंतर, असा क्रम ठेवला असता तर हे टळले असते.

राष्ट्रीय आयुर्विज्ञान आयोगाचे ते पत्रकही जपूनच वाचावे लागते. प्राण्यांच्या शरीररचनेच्या मुद्द्यात त्यात 'कीटक' असे लिहून पुढे कंसात 'बेडूक' दिले आहे. हे वाचून मी अभ्यासिकेत एकटीच हसले आणि समोरच्या टेबलावरील एमपीएससीवाल्या दादांनी रागाने पाहिले.

उलट दिशेचाही एक प्रश्न आहे. पत्रकात वनस्पतींची पाच कुळे नव्याने आली आहेत: माल्व्हेसी, क्रुसिफेरी, लेग्युमिनोसी, कॉम्पोझिटी आणि ग्रामिनी. नव्या पुस्तकात यांपैकी एकाचेही सविस्तर वर्णन नाही. जुन्या पुस्तकात शेंगांच्या कुळाची दोन पाने आहेत, म्हणून ते पुस्तक फेकायचे नाही.

९ ऑक्टोबर २०२४

राज्यातील दहा नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचे आज पंतप्रधानांच्या हस्ते दूरदृश्य प्रणालीद्वारे उद्घाटन झाले आणि त्यांत नाशिकचेही आहे. आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून नाशिकला आहे. महाराष्ट्रातील बहुतेक वैद्यकीय पदव्यांचा कारभार आमच्याच गावातून चालतो, परंतु एमबीबीएसचे शासकीय महाविद्यालय मात्र गावात नव्हते. आईने बातमी दोनदा ऐकली. मी आज आयनिक समतोलाची सोळा गणिते सोडवली, त्यांतील पाच चुकली.

१३ ऑक्टोबर २०२४

काल दसरा झाला. दाराच्या तोरणातील झेंडू आज सकाळपर्यंत ताजा होता, तो आईने काढून टाकण्यापूर्वी मागून घेतला. अंगणातील जास्वंद, भाजीवाल्या मावशींकडून मागून आणलेला मुळ्याचा फुलोरा आणि बाजरीचे एक कणीस, असा सगळा ऐवज पोळपाटावर मांडला आणि दाढीच्या पात्याने एकेक फूल उभे चिरले. शेंगांच्या कुळासाठी तुरीचे फूल हवे होते, ते अजून आलेले नाही, डिसेंबरात पाहू.

जास्वंदीत पुंकेसरांची नळी होते आणि ती स्त्रीकेसराला वेढून वर जाते, हे पुस्तकात 'एकसंघी' या एका शब्दात उरकलेले असते. पात्याने ती नळी उकलली तेव्हा आतून परागवाहिनीचा धागा अखंड बाहेर आला आणि टोकाला पाच लाल गोंडे दिसले. अंडाशय आडवा कापला तेव्हा पाच कप्पे मोजता आले. पाच गोंडे, पाच कप्पे. हे आता वेगळे पाठ करावे लागणार नाही. मुळ्याच्या फुलात सहा पुंकेसर असतात, त्यांपैकी चार लांब आणि बाहेरचे दोन आखूड. ते मोजण्यासाठी आईचा चष्मा भिंगासारखा धरला.

झेंडूने सर्वांत जास्त वेळ घेतला. आपण ज्याला झेंडूचे फूल म्हणतो ते मुळी एक फूल नव्हेच. ते शंभरेक फुलांचे संमेलन असते, आणि आपण ज्यांना पाकळ्या समजून तोडतो ती कडेची एकेक स्वतंत्र किरणपुष्पके असतात. तोरणातला संकरित झेंडू बहुतेक किरणपुष्पकांचाच निघाला, म्हणून शेजारच्या दाराचा साधा, लहान झेंडू आणला, तेव्हा मधली नळीसारखी बिंबपुष्पके सापडली. एक बिंबपुष्पक नखावर ठेवून पाहिले. पाकळ्यांची नळी वर आहे आणि काळपट, काडीसारखा अंडाशय तिच्या खाली आहे. म्हणजे अधःस्थ अंडाशय. लहानपणी झेंडूचे 'बी' म्हणून आपण जे पेरतो, ते याच खालच्या अंडाशयाचे वाळलेले फळ असते.

खर्च शून्य, वेळ साडेतीन तास. पाच कुळांसाठी इतका वेळ देणे कोणत्याही वेळापत्रकात बसणार नाही, हे मान्य आहे. संध्याकाळी आईने पोळपाट दोनदा घासला.

४ नोव्हेंबर २०२४

दिवाळीत अभ्यासिका पाच दिवस बंद होती. या पाच दिवसांत अभ्यास झाला नाही. फराळाचे तळण आणि पाहुणे यांत तो होणारही नव्हता.

८ डिसेंबर २०२४

सप्टेंबरात एका क्लासची छापील टेस्ट सिरीज ३,५०० रुपयांना घेतली होती. त्यातील सहा पूर्ण पेपर आतापर्यंत झाले. प्रत्येक पेपरात १८० प्रश्न धरले तर एकूण १,०८० प्रश्न सोडवायचे होते आणि त्यांत माझी २४६ उत्तरे चुकली. या सगळ्या चुका आज उजव्या पानावर चार रकान्यांत वाटल्या. प्रश्नच नीट वाचला नाही, अशा ४१. आकडेमोड चुकली, अशा ५८. चारांपैकी दोन पर्याय बाद करून उरलेल्या दोघांत चुकीचा निवडला, अशा ६३. काहीच येत नव्हते आणि अंदाजाने गोळा रंगवला, अशा ८४.

पहिल्या दोन रकान्यांची बेरीज ९९ होते. प्रत्येक चुकीचे नुकसान पाच गुणांचे असते, कारण मिळू शकणारे चार जातात आणि एक वजा होतो. ४९५ गुण सहा पेपरांत गेले, म्हणजे दर पेपरामागे ऐंशीहून अधिक गुण मला येत असलेल्या प्रश्नांत गेले. नवीन काही शिकून ८० गुण वाढवायला किती महिने लागतील, याचा विचार केला, तर हा रकाना किती महत्त्वाचा आहे ते कळते.

अंदाजाचा हिशेब अधिक विचित्र निघाला. दोघांत अडकलेल्या प्रश्नांत ४७ बरोबर आणि ६३ चूक, म्हणजे १८८ वजा ६३, १२५ गुणांचा फायदा. निम्म्याहून अधिक चुकूनही फायदा! त्यामुळे 'खात्री नसेल तर सोडून दे' हा जो सल्ला सगळे देतात, तो या रकान्याला लागू नाही. पूर्णपणे अंधारात रंगवलेल्या १०३ प्रश्नांत मात्र फक्त १९ बरोबर आले. ७६ वजा ८४, म्हणजे आठ गुणांचा तोटा. डोळे मिटून रंगवले असते तर चारांत एक या हिशेबाने २५-२६ बरोबर यायला हवे होते आणि थोडा फायदाच झाला असता. मी डोळे मिटून रंगवत नव्हते. जो पर्याय 'बरोबर वाटतो' तो रंगवत होते, आणि ज्याला विषय येत नाही त्याला बरोबर वाटावा असाच एक पर्याय पेपर काढणाऱ्याने मुद्दाम ठेवलेला असतो.

न वाचलेल्या ४१ प्रश्नांपैकी २६ प्रश्न 'यांपैकी कोणते विधान बरोबर नाही' अशा घाटाचे आहेत. दहावीपर्यंत मी मराठी माध्यमात होते. इंग्रजी प्रश्न वाचताना मी तो मनात मराठीत लावते. मराठीत नकार वाक्याच्या शेवटी येतो आणि तो कानात राहतो. इंग्रजीत तो मध्येच येऊन जातो आणि पर्यायांपर्यंत पोहोचेपर्यंत माझ्या मनातून निसटलेला असतो. उपाय म्हणून आजपासून असा प्रश्न दिसला की त्या नकाराभोवती पेनाने गोल करायचा आणि पर्यायांच्या शेजारी आधी 'चूक शोध' असे लिहायचे.

२६ जानेवारी २०२५

एनटीएने काल परीक्षेचा नमुना बदलल्याचे जाहीर केले. कोरोनाकाळात आलेला ऐच्छिक प्रश्नांचा भाग आणि वाढीव वेळ दोन्ही रद्द झाले. आता १८० प्रश्न, सगळे अनिवार्य, आणि वेळ १८० मिनिटे. गेल्या वर्षी २०० प्रश्नांतून १८० सोडवायला २०० मिनिटे होती. भौतिकशास्त्रात सोडून देण्याची मुभा असलेले पाच प्रश्न माझ्यासारखीला फार उपयोगी पडत होते, ते गेले. त्याऐवजी वीस जादा प्रश्न वाचण्याचा वेळ वाचेल, हाही मुद्दा आहे. तरीही मिनिटाला एक प्रश्न, हे गणित आहे.

घड्याळ लावून पाहिले. ओएमआर उत्तरपत्रिकेच्या झेरॉक्स प्रतीवर उत्तराचा एक गोळा काठ न ओलांडता भरायला मला सरासरी चार सेकंद लागतात. १८० गोळ्यांना बारा मिनिटे झाली. म्हणजे विचाराला १६८ मिनिटे उरतात. जीवशास्त्राचे ९० प्रश्न ५० मिनिटांत झाले, तरच भौतिकशास्त्राला सत्तर मिनिटे मिळतील. उरलेले पेपर याच वेळापत्रकाने सोडवायचे, आणि दुपारी २ ते ५ याच वेळेत.

१६ फेब्रुवारी २०२५

परीक्षेचा अर्ज भरला. इतर मागासवर्ग प्रवर्गाची फी १,६०० रुपये. माध्यमाच्या रकान्यापाशी बराच वेळ थांबले. नीट तेरा भाषांत होते आणि मराठी निवडली तर मराठी व इंग्रजी अशी जोड प्रश्नपत्रिका मिळते, म्हणजे नकाराची माझी अडचण मिटली असती. परंतु अकरावीपासूनचा सगळा अभ्यास इंग्रजीतून झाला आहे, मराठी पारिभाषिक शब्द वाचून मला उलट इंग्रजी शब्द आठवावा लागतो, आणि भाषांतरात संदिग्धता असली तर इंग्रजी पाठच अंतिम मानला जातो. एका मिनिटात दोन भाषा वाचणे परवडणार नाही. इंग्रजी ठेवली. डिसेंबरापासून गोल करण्याची सवय लागल्यावर मागच्या तीन पेपरांत अशा चुका फक्त चार झाल्या, हेही त्यामागचे कारण आहे.

टेस्ट सिरीजच्या उत्तरसूचीत चुका आहेत. अकराव्या पेपराच्या सूचीत कॉम्पोझिटी, म्हणजे झेंडूच्या, कुळात ऊर्ध्वस्थ अंडाशय दिला होता. दसऱ्याच्या आधी हा प्रश्न आला असता तर मी माझेच उत्तर खोडून सूचीचे उत्तर वहीत उतरवले असते. यावेळी ती काळपट काडी नखावर दिसत होती, म्हणून सूचीवर काट मारली. क्लासला फोन करून सांगितले; पुढच्या आवृत्तीत पाहू, असे उत्तर आले. ३,५०० रुपयांच्या पेपरांची दुरुस्ती मीच करायची आणि तीही फुकट.

परंतु त्याच पेपरात आणखी एक चूक सापडली, असे मला वाटले होते आणि तिने संध्याकाळ खाल्ली. धारित्राच्या पट्ट्यांमध्ये पराविद्युत पदार्थ सरकवला तर साठलेली ऊर्जा किती होईल, असा प्रश्न होता. मी विभवांतर स्थिर धरून ऊर्जा के (पराविद्युतांक) पट वाढवली. सूची म्हणत होती, की ती के पटीने कमी होते. तीनदा सोडवले, तिन्ही वेळा माझेच उत्तर आले, आणि सूचीवर दुसरी काट मारण्यासाठी पेन उचलले. चौथ्यांदा प्रश्न मोठ्याने वाचला तेव्हा 'बॅटरी काढून टाकल्यानंतर' हे शब्द तोंडातून बाहेर पडले. बॅटरी काढली की प्रभार कुठे जाणार, तोच स्थिर राहतो, धारकता वाढते, म्हणून ऊर्जा घटते. चूक माझी होती.

आता नियम असा केला आहे, की सूचीशी वाद झाला तर आधी प्रश्न मोठ्याने वाचायचा. अभ्यासिकेत मोठ्याने वाचता येत नाही, म्हणून जिन्यात जाऊन.

२३ मार्च २०२५

भौतिकशास्त्राची सगळी प्रकरणे सारख्या तयारीने होणार नाहीत, हे स्वीकारले. विद्युतधारा, अर्धवाहक, प्रकाशकी, ऊष्मागतिकी, आधुनिक भौतिकी आणि एककांचे प्रकरण यांवर पकड आहे. घूर्णन गती आजही पक्की नाही. रद्दीतल्या पुस्तकाची कोरी पाने मी पिवळी केली नाहीत, पण पेन्सिलने भरली, इतकेच म्हणता येईल.

१३ एप्रिल २०२५

पेपर आता घरी, गच्चीच्या जिन्याजवळ, दुपारी २ वाजता, पंख्याशिवाय. केंद्रावर काय मिळेल ते सांगता येत नाही. आजचा विसावा आणि शेवटचा पेपर ५५८. शेवटच्या पाच पेपरांची सरासरी ५४०च्या आसपास आहे. हे पेपर मागच्या वर्षीच्या नीटवर बेतलेले आहेत, त्यामुळे या आकड्यावर मी फार विसंबत नाही.

४ मे २०२५

प्रवेश १:३० ला बंद होतो, म्हणून साडेअकरालाच केंद्रावर पोहोचलो. अर्ध्या बाह्यांचा कुडता, चपला, पारदर्शक बाटली. पेन केंद्रावरच मिळते.

जीवशास्त्र ४८ मिनिटांत झाले आणि रसायनशास्त्राला ठरल्यापेक्षा सहा मिनिटे अधिक लागली. भौतिकशास्त्र उघडल्यावर पहिल्या दहा प्रश्नांत एकही सरळ सूत्राचा दिसला नाही. तिथे तीन-चार मिनिटे मी काहीच केले नाही, फक्त पाने उलटली. मग २६ प्रश्नांचे गोळे रंगवले आणि उरलेले १९ कोरे ठेवले. त्यांत दोन पर्यायही बाद करता येत नव्हते, आणि डिसेंबरातले १०३ प्रश्न आठवत होते.

बाहेर मुली रडत होत्या, पालक भौतिकशास्त्राविषयीच बोलत होते. बाबांनी उसाचा रस घेतला आणि पेपर कसा गेला, हे सिडको येईपर्यंत विचारले नाही.

३ जून २०२५

तात्पुरती उत्तरसूची आली. ओएमआरच्या प्रतिमेशी ताडून गुण मोजले. जीवशास्त्रात ८६ पैकी ७९ बरोबर, ७ चूक, ३०९ गुण. रसायनशास्त्रात ३४ पैकी २६ बरोबर, ८ चूक, ९६ गुण. भौतिकशास्त्रात २६ पैकी १७ बरोबर, ९ चूक, ५९ गुण. एकूण ४६४. मागच्या सुधारित ४२६ पेक्षा ३८ अधिक, आणि सराव पेपरांपेक्षा बरेच कमी.

रसायनशास्त्राच्या एका उत्तराविषयी शंका होती. हरकत घेण्यासाठी एका प्रश्नाला २०० रुपये भरावे लागतात आणि ते परत मिळत नाहीत. डाव्या पानाची बेरीज केली: पुस्तके ३६०, अभ्यासिका ६,०००, टेस्ट सिरीज ३,५००, अर्ज १,६००, झेरॉक्स १,१४०, जादा डेटा १,८००, वह्या आणि पेन ५२०. एकूण १४,९२०. शिल्लक ८०. बाबांकडे १२० रुपये मागण्यापूर्वी जिन्यात जाऊन प्रश्न मोठ्याने वाचला आणि पुन्हा सोडवला. सूची बरोबर होती.

१४ जून २०२५

निकाल लागला. ४६४. अंतिम सूचीनेही बेरजेत फरक पडला नाही.

या गुणांवर शासकीय एमबीबीएस अवघड आहे, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. बीएएमएसचे, म्हणजे आयुर्वेदाच्या पदवीचे, प्रवेशही याच गुणांवर होतात, त्यामुळे राज्याच्या ८५ टक्के कोट्याचे दोन्ही अर्ज भरायचे, असे ठरले. आठ लाखांपेक्षा कमी वार्षिक उत्पन्न असलेल्या इतर मागासवर्गातील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क राज्याने गेल्या जुलैपासून माफ केले आहे. त्यासाठी उत्पन्नाचा दाखला आणि नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्र लागेल. शेजारच्या काकूंची मुलगी पुस्तके मागायला आली होती, तिला सगळी दिली आणि कोणती प्रकरणे वाचायची नाहीत त्याची यादी पहिल्या पुस्तकात खोचून ठेवली.

बाबांची सोमवारी दुसरी पाळी आहे. सकाळी नऊला सेतू केंद्रात जाऊ. डाव्या बाजूला नवीन पान काढून वर ८० रुपये मागील शिल्लक लिहिली.